पस्तीस-आठची गोष्ट

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन तुम्ही ‘लाकडाचे स्क्रू द्या’ म्हणालात, की काउंटरमागचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘कुठले? पस्तीस-आठ?’ तुम्ही हो म्हणता, कारण नाही म्हणायला दुसरा आकडा माहीत असावा लागतो. तो एक खोकं पुढे सरकवतो. त्यावर छापलेलं असतं : ३५ × ८. यातले ३५ म्हणजे मिलिमीटर, स्क्रूची लांबी. मग आठ म्हणजे काय? आठ मिलिमीटर नक्कीच नाही. हा स्क्रू जेमतेम सव्वाचार मिलिमीटर जाड असतो. आठ हा इंग्रजांच्या जुन्या पद्धतीतला नुसता नंबर आहे. १९५६च्या कायद्यानंतर आपला देश मेट्रिक मापांकडे वळला, स्क्रूची लांबी मिलिमीटरमध्ये गेली, जाडी मात्र बर्मिंगहॅममध्येच राहिली!

मी नोकरीची सगळी वर्षं सुतारकामाच्या कार्यशाळेत मुलांना शिकवण्यात घालवली. ‘सर, कुठला स्क्रू घेऊ?’ हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. याचं उत्तर तक्त्यात असतं. तक्ता भिंतीवर लावता येतो, पाठ करून घेता येतो, आणि परीक्षा झाली की पोरं तो विसरतात. स्क्रूची हकिकत मात्र ती विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. स्क्रूला टोक का आलं, त्याची मान गुळगुळीत का, डोक्यावर आडवी खाच का किंवा फुली का, हे एकदा कळलं की दुकानात उभं राहून निवड करणं अवघड जात नाही. आणि ही निवड चुकली तर काय होतं, ते आपल्या घराघरांत दिसतंच. वर्षभरात कपाटाचं दार खाली झुकतं, बिजागरी हलायला लागते, आणि मिस्त्री येऊन त्याच भोकात आणखी जाड स्क्रू ठोकून जातो. हो, ठोकून. त्या ठोकण्याकडे मी पुढे येणारच आहे.

मळसूत्र ही कल्पना फार जुनी. पाणी उपसण्याच्या नळीला आर्किमिडीजचं नाव मिळालं तो काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. ऑलिव्हचं तेल आणि द्राक्षांचा रस काढण्याचे रोमन घाणे लाकडी मळसूत्रावर दाबले जात. पंधराव्या शतकाच्या मध्याला गुटेनबर्गनं छपाईचा दाब यंत्र केला, तोही मळसूत्राचाच. म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षं माणूस मळसूत्रानं पाणी चढवत होता, फळं पिळत होता. पण दोन फळ्या एकमेकींना धरून ठेवायला तेच मळसूत्र बारीक करून वापरावं, हे काही कुणाला सुचलेलं दिसत नाही. जिथं सुचलं ती जागाही सुताराची नव्हती. युरोपात पंधराव्या शतकात चिलखतं आणि तोड्याच्या बंदुका बनवणाऱ्या कारागिरांनी लहान लहान लोखंडी स्क्रू वापरले. दक्षिण जर्मनीतल्या वोल्फेग किल्ल्यात एके काळी जपलेली त्या काळातली एक सचित्र वही प्रसिद्ध आहे. तीत आटे पाडण्याच्या लेथचं चित्र आहे.

लाकडाच्या बाबतीत मला सर्वांत बोलका वाटतो तो १५५६ साली प्रसिद्ध झालेला अ‍ॅग्रिकोलाचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या हर्बर्ट हूवरनं आपल्या पत्नीबरोबर १९१२ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. ‘डे रे मेटॅलिका’ असं त्याचं नाव. त्यात लोहाराचा भाता कसा बनवायचा हे सांगताना अ‍ॅग्रिकोला स्क्रूचं चित्र देतो आणि या कामात तो खिळ्यापेक्षा सरस असल्याचं नोंदवतो. भाताच का? विचार करा. भाता दिवसभर उघडतो, मिटतो. कातडं लाकडाला पुन्हा पुन्हा ओढतं. खिळा लाकडात घट्ट राहतो तो केवळ घर्षणानं, बाजूच्या तंतूंनी त्याला दाबून धरलं म्हणून. एकाच दिशेनं रोज हिसका बसला की तो केसाएवढा वर येतो, दुसऱ्या दिवशी आणखी केसाएवढा. स्क्रूचे आटे तंतूंच्या मध्ये शिरून बसलेले असतात. तो ओढून काढायचा तर आट्यांमधलं लाकूडच फाडावं लागतं.

इथं खिळ्याची बाजूही मांडायला हवी, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. बाजूनं येणारा भार, म्हणजे दोन लाकडं एकमेकांवरून घसरू पाहतात तो जोर, खिळा उत्तम झेलतो. प्रसंगी वाकतो, पण तुटत नाही. छपराचे वासे, खोकी, पेट्या यांना खिळाच बरा. जिथं ओढ आहे, उघडझाप आहे, किंवा पुढे कधी सुटं करून दुरुस्त करायचं आहे, तिथं स्क्रू. निवडीचा हा पहिला नियम साडेचारशे वर्षांपूर्वीच्या भात्यानं घालून दिलेला आहे.

असं असूनही पुढची दोनशे वर्षं स्क्रू दुर्मीळच राहिला, कारण तो करायला फार वेळ लागे. लोहार लोखंडाचा तुकडा तापवून ऐरणीवर त्याचं डोकं घडवी. मग करवतीनं डोक्यावर खाच पाडायची आणि कानशीनं, नुसत्या नजरेच्या अंदाजावर, एक एक आटा घासून काढायचा. एका स्क्रूला काही मिनिटं लागत. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात कुटुंबंच्या कुटुंबं घरी बसून हे काम करत. असे दोन स्क्रू कधीही एकसारखे होत नसत. कुणाची खाच एका बाजूला सरकलेली, कुणाचे आटे उथळ. एका भोकात बसणारा स्क्रू शेजारच्या भोकात बसेलच अशी खात्री नसे.

मग अठराव्या शतकात एक साधी वस्तू आली आणि स्क्रूची मागणी वाढली. ती वस्तू म्हणजे बिजागरी. आपल्या जुन्या वाड्यांची दारं आठवा. झडपेच्याच लाकडातून वर आणि खाली खुंट्या काढलेल्या असत, आणि त्या खुंट्या चौकटीतल्या नि उंबऱ्यातल्या खळग्यांत फिरत. लोखंड कड्या-कोयंड्यांना आणि शोभेच्या खिळ्यांना लागे. दार फिरण्यासाठी लागत नसे. युरोपात झडपेच्या तोंडावर लांबलचक लोखंडी पट्टी लावत आणि खिळा आरपार काढून पलीकडे दुमडून टाकत. दुमडलेला खिळा निघत नाही. पण नवी बिजागरी दाराच्या तोंडावर नव्हती, कडेच्या जाडीत बसणारी होती. दार मिटलं की ती दिसेनाशी होई, म्हणून श्रीमंतांना ती आवडली. ओतीव लोखंडाच्या अशा बिजागऱ्यांचं पेटंट इंग्लंडमध्ये १७७५ साली निघालं आणि त्या स्वस्त झाल्या. दाराच्या कडेत मारलेला खिळा आरपार जाणार कसा आणि दुमडायचा कुठे? दार उघडताना तो सरळ बाहेरच येणार. बिजागरीला स्क्रूवाचून गत्यंतर राहिलं नाही.

योगायोग असा, की त्याच स्टॅफर्डशायरमधले जॉब आणि विल्यम वायट हे दोघे भाऊ आधीपासूनच स्क्रूच्या मागे लागले होते. १७६० मध्ये त्यांनी लाकडाचे लोखंडी स्क्रू यंत्रानं कापण्याचं पेटंट घेतलं. कानशीच्या जागी कापणारं हत्यार आणलं आणि कारागिराच्या नजरेच्या जागी ते हत्यार पुढे सरकवणारं दुसरं मळसूत्र. पेटंटपासून कारखान्यापर्यंत पोचायला त्यांना सोळा वर्षं लागली. १७७६ मध्ये पाणचक्कीवर चालणाऱ्या एका बंद पडलेल्या पीठगिरणीत त्यांनी कारखाना थाटला. मिनिटांचं काम सहा-सात सेकंदांवर आलं. पण धंदा त्यांना जमला नाही. कारखाना विकावा लागला, आणि पुढच्या मालकाच्या हाती तो जोरात चालला. तीसएक कामगार दिवसाला सोळा हजार स्क्रू काढत. शोधणारा एक, खाणारा दुसरा, ही कथा तुम्ही अनेक यंत्रांच्या बाबतीत ऐकली असेल. वायट बंधूंचं नाव मात्र आमच्या सुतारकामाच्या पुस्तकांत कुठे आढळत नाही, याची मला थोडी खंत आहे.

या यंत्रांच्या स्क्रूमध्ये एक मोठी उणीव होती. रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही, म्हणून शब्दांतच सांगतो. त्या स्क्रूला टोक नव्हतं. पेन्सिल मधोमध मोडावी तसा तो खाली बोथट असे. यंत्राला सरळ दांड्यावर आटे पाडता येत. निमुळत्या टोकापर्यंत ते नेण्याची सोय त्यात नव्हती. त्यामुळे स्क्रू लावायचा तर आधी गिरमिटानं पूर्ण खोलीचं भोक पाडणं भागच होतं. बोथट स्क्रू तुम्ही कितीही हातोडीनं बडवा, तो आत जाणार नाही. थोडक्यात, अठराशे चाळीसच्या आसपासपर्यंत सगळे सुतार शहाणे होते, कारण वेडेपणा करायची सोयच नव्हती.

१८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या थॉमस स्लोननं टोकदार स्क्रू आपोआप काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. टोकाशी आटे सुरू होतात, म्हणजे स्क्रू स्वतःच लाकडात वाट धरतो. इंग्लंडमध्ये या यंत्राचे हक्क १८५४ साली जॉन सटन नेटलफोल्ड या व्यापाऱ्यानं घेतले. त्याला सुमारे तीस हजार पौंड लागणार होते. त्यानं आपल्या मेहुण्याला भागीदार केलं. मेहुण्याचा लंडनमध्ये बूट बनवण्याचा पिढीजात धंदा होता. आपले पैसे कुठे जाताहेत हे पाहायला त्यानं अठरा वर्षांच्या मुलाला बर्मिंगहॅमला पाठवलं. तो मुलगा म्हणजे जोसेफ चेंबरलेन.

हे नाव ओळखीचं वाटलं ना? वीस वर्षांत या पोरानं ‘नेटलफोल्ड अँड चेंबरलेन’ची विक्री अशी वाढवली, की इंग्लंडमध्ये तयार होणाऱ्या दर तीन धातूच्या स्क्रूंपैकी दोन त्यांचे असत. लहान कारखानदारांना त्यानं देशोधडीला लावलं असा आरोप पुढे राजकारणात त्याच्यावर झाला. तो त्यानं फेटाळला. १८७४ मध्ये, चाळिशीही गाठली नव्हती तेव्हा, तो धंद्यातून निवृत्त झाला. तोवर तो बर्मिंगहॅमचा महापौर झालेला होता, आणि त्याच कारकिर्दीत त्यानं शहराचा गॅस आणि पाणी खाजगी कंपन्यांकडून काढून नगरपालिकेच्या हाती आणलं. पुढे तो ब्रिटनचा वसाहतमंत्री झाला, बोअर युद्ध त्याच्या काळातलं. आणि १९३८ मध्ये म्यूनिकहून हिटलरच्या सहीचा कागद फडकावत परतलेला पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन हा त्याचाच मुलगा. त्या घराण्याच्या संपत्तीच्या मुळाशी लाकडात जाणारा टोकदार स्क्रू होता, हे इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडतं.

आपला या कंपनीशी संबंध नुसता बातम्यांपुरता नाही. १९०२ मध्ये नेटलफोल्ड हे नाव ‘गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्स’ या मोठ्या कंपनीत गेलं. तिचा भारतातला अवतार म्हणजे गेस्ट कीन विल्यम्स. हावड्याला तिचा मोठा कारखाना होता आणि मुंबईत भांडुपलाही होता; जुन्या भांडुपकरांना जीकेडब्ल्यू ही तीन अक्षरं अजून आठवत असतील. बांधकामांच्या निविदांत ‘मान्य बनावटीचे स्क्रू’ या मथळ्याखाली नेटलफोल्ड हे नाव मी वर्षानुवर्षं वाचत आलो. ते लिहिणाऱ्या कारकुनाला ते गावाचं वाटलं असेल की साहेबाचं, कोण जाणे.

आता त्या ठोकण्याकडे येतो. टोक आलं, आणि हळूहळू गिरमिट सुताराच्या पेटीत तळाला गेलं. टोक आहे म्हणजे भोकाची गरज नाही, असा समज झाला. पुढे आपल्या मिस्त्रींनी त्यात सुधारणा केली : स्क्रू हातोडीनं तीन चतुर्थांश ठोकायचा आणि शेवटचे दोन वेढे स्क्रू ड्रायव्हरनं, मुंबईकडच्या भाषेत डिस्मिसनं, द्यायचे. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. डोकं बरोबर बसलेलं, खाच सरळ रेषेत. आत मात्र प्रत्येक आट्यानं खाली जाताना तंतू तोडलेले असतात. त्या भोकात स्क्रू म्हणजे एक खडबडीत खिळा उरतो, आणि बिजागरीला खिळा का चालत नाही ते वर सांगितलंच आहे. मजुरी रोजावर नसून कामावर ठरली की वेळ वाचवावासा वाटणारच. मी सगळा दोष मिस्त्रीच्या माथी मारणार नाही. पण भोक पाडायला लागणारे ते दहा सेकंद मालकानं उभं राहून मागून घ्यावेत.

स्लोनच्या स्क्रूची ठेवण पाहिली की भोक कसं हवं ते त्यातच लिहिलेलं सापडतं. डोक्याखालचा साधारण एक तृतीयांश भाग गुळगुळीत असतो, त्याला मान म्हणू. खालच्या दोन तृतीयांशावर आटे. वरची फळी मानेभोवती सैल राहायला हवी, आटे फक्त खालच्या लाकडात धरायला हवेत. तरच डोकं वरच्या फळीला खाली ओढून सांधा आवळतं. आटे दोन्ही लाकडांत धरले तर दोन फळ्यांमध्ये जी फट सुरुवातीला राहिली ती कायमची राहते. कितीही पिळा, ती मिटत नाही. म्हणून वरच्या फळीत मानेएवढं भोक आणि खालच्या लाकडात त्याहून बारीक. किती बारीक? ड्रिलचं पातं स्क्रूच्या पुढे धरून डोळ्यांसमोर न्या. आट्यांच्या आतला गाभा पात्यामागे लपला पाहिजे आणि आट्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी दिसल्या पाहिजेत. आठ नंबरच्या स्क्रूला सागवानात हे भोक साधारण तीन मिलिमीटरचं येतं, मऊ लाकडात थोडं कमी. लांबीचा हिशेबही यातूनच निघतो : वरची फळी एक भाग असेल तर खालच्या लाकडात दोन भाग गेले पाहिजेत. आणि फळीच्या टोकाकडून, जिथं लाकडाच्या नळ्या उघड्या दिसतात तिथून, स्क्रू घालायची वेळ आली तर आणखी लांब घ्या. तिथं आटे तंतूंना आडवे जात नाहीत, त्यांच्याच दिशेनं शिरतात, आणि पकड बेताचीच राहते.

नंबरांची एक गंमत आहे. तार किंवा पत्रा घेताना नंबर वाढला की जाडी कमी होते. लाकडाच्या स्क्रूत नंबर वाढला की जाडी वाढते. सहा नंबर साडेतीन मिलिमीटर, आठ सव्वाचार, दहा पावणेपाचच्या वर. बिजागरीसाठी नंबर तुम्ही ठरवायचाच नसतो, तो बिजागरी ठरवते. तिच्या भोकांना वाटीसारखे खळगे असतात. डोकं त्यात पूर्ण बुडालं पाहिजे. ‘मजबूत होईल’ म्हणून एक नंबर जाड घातला की डोकं वर राहतं, बिजागरीची दोन पानं मिटत नाहीत, आणि प्रत्येक वेळी दार लावताना तुम्ही पहारीसारखा जोर लावून स्क्रू उपटत असता.

डोक्यावरच्या खाचेचा इतिहास तर एका कादंबरीचा विषय आहे. आडवी खाच करायला सोपी, म्हणून ती शेकडो वर्षं टिकली. तिच्यातून हत्यार घसरतं. कॅनडातला पीटर रॉबर्टसन हा फिरता विक्रेता स्प्रिंगच्या स्क्रू ड्रायव्हरचं प्रात्यक्षिक दाखवताना तो घसरला आणि त्याचा हात कापला, असं सांगतात. त्यानं १९०८ मध्ये चौकोनी खळग्याचा स्क्रू काढला. हत्यार त्यात इतकं नेमकं बसतं की एका हातानंही काम होतं. ओंटारिओतल्या मिल्टन गावी त्याचा कारखाना होता. त्या काळी मोटारींचे सांगाडे लाकडी असत. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सातशेच्या वर त्याचे स्क्रू लागत आणि वेळेची मोठी बचत होई. हेन्री फोर्डला साहजिकच त्यावर ताबा हवा होता. रॉबर्टसन तयार झाला नाही. इंग्लंडमध्ये परवाना देऊन त्याचे हात एकदा पोळले होते. मग मैदान मोकळं राहिलं ते ओरेगनच्या हेन्री फिलिप्ससाठी. फुलीच्या स्क्रूची मूळ कल्पना त्यानं जॉन थॉम्प्सनकडून घेतली, १९३६ मध्ये पेटंटं मिळवली, अमेरिकन स्क्रू कंपनीला गाठलं, आणि जनरल मोटर्सनं कॅडिलॅकमध्ये तो वापरला. १९४० पर्यंत अमेरिकेतल्या बहुतेक स्क्रू कारखान्यांनी फिलिप्सचा परवाना घेतला होता. रॉबर्टसनचा चौकोन कॅनडात मात्र अजूनही घरोघर आहे.

माझं मत विचाराल तर चौकोन सरस होता. फुलीत हत्यार आपोआप मधोमध येतं, यंत्राच्या वेगाला हे सोयीचं. पण जोर वाढला की ते वर निसटतं आणि फुलीची वाटी होऊन बसते. १९६०च्या दशकात तिची सुधारलेली आवृत्ती आली, पॉझिड्राइव्ह. फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेघा दिसल्या की ती समजायची. तिला साध्या फुलीचं हत्यार लावलं की दोन्ही झिजतात. पितळी बिजागरीवर, जुन्या घाटाच्या कपाटावर मी आजही आडव्या खाचेचाच स्क्रू घेतो. तो शोभतो, आणि पुढे रंगाचे तीन हात बसले तरी खाच टोकरून साफ करता येते.

पितळाचा विषय निघाला म्हणून सांगतो. पितळी स्क्रू मऊ असतो, कठीण लाकडात पिळला की मानेशी तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं म्हणजे दात काढण्यापैकी काम. आमच्या कार्यशाळेत रीत अशी होती : आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढायचा, त्यानं आटे पाडून ठेवायचे, मग मेणबत्तीवर घासलेला पितळी स्क्रू त्याच वाटेनं सोडायचा. साबणही चालतो असं म्हणतात. साबण ओल धरतो, मेण बरं.

धातूची निवड हा या इतिहासातला सर्वांत महाग धडा. ब्रिटिश नौदलानं १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा लावून पाहिला. पत्रा टिकला, पण त्याला धरणारे लोखंडी खिळे समुद्राच्या पाण्यात तांब्याच्या संगतीनं कुजून गेले. जिथं मध्ये कागद राहिला होता तिथले खिळे शाबूत निघाले. पितळी बिजागरीला लोखंडी स्क्रू लावून ती ओल्या न्हाणीघराच्या दाराला बसवणारे आपण लोक हाच प्रयोग लहान प्रमाणावर करत असतो. लाकूडही यात आपली बाजू घेऊन उभं राहतं. ओकच्या लाकडातलं टॅनिन लोखंडाला खातं. आपल्या बाभळीत नि खैरात हेच द्रव्य असतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस मिसळून काळी शाई करत, ती याच रसायनाची. ओल्या बाभळीच्या लाकडात लोखंडी स्क्रूभोवती जो निळसर काळा डाग पसरतो ती शाईच असते. सागवानातलं तेल मात्र लोखंडाला सांभाळतं. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानाची जहाजं बांधली. त्यातली १८१७ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

आपली आजची कपाटं मात्र सागवानाची कुठे राहिली? प्लायवूड आलं, भुशाचे बोर्ड आले. स्लोनच्या निमुळत्या स्क्रूची रचना अखंड लाकडासाठी होती. भुशाच्या बोर्डात तो पाचरीसारखा शिरतो आणि बोर्ड फोडतो. म्हणून गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नवी जात निघाली : गाभा बारीक, आटे उंच आणि विरळ, अगदी डोक्याजवळपर्यंत. बोर्डाचे स्क्रू म्हणून ते वेगळे मिळतात. आपल्याकडे त्याऐवजी सर्रास वापरले जातात ते काळे जिप्समचे स्क्रू. स्वस्त, टोकाला तीक्ष्ण, ड्रिलवर झपाझप जाणारे. ते जिप्समचे पत्रे बारीक सांगाड्यावर लावण्यासाठी केलेले असतात. पोलाद कडक केलेलं असल्यामुळे ते वाकत नाहीत, एकदम मोडतात. आणि त्यांचा काळा थर गंजाला अडवण्याच्या लायकीचा नसतो.

माझ्या बहिणीच्या रत्नागिरीच्या घरी स्वयंपाकघरात भिंतीवरचं कपाट असं टांगलेलं होतं. तिसऱ्या पावसाळ्यात एका पहाटे ते स्टीलच्या डब्यांसकट ओट्यावर आलं. पाच मिनिटं आधी ती तिथं चहा ठेवून गेली होती. मी जाऊन पाहिलं, सहापैकी चार स्क्रू भिंतीत तसेच होते, डोकी तेवढी गळलेली. सहा काळ्या स्क्रूंच्या जागी सहा चांगले घ्यायला तेव्हा एका वडापावाएवढाही जास्तीचा खर्च आला नसता. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, आणि अगदी किनाऱ्यालगत असाल तर ३१६ नंबरचं स्टील मागावं. ३०४ नंबर पुण्या-नाशकाला पुष्कळ झालं.

मंडळी, शेवटी एक उपयोग असा, की ज्याला पैसे पडत नाहीत. जुन्या बाजारात ‘कंपनी सरकारच्या वेळचं’ म्हणून कपाट दाखवलं, की दुकानदाराच्या परवानगीनं बिजागरीचा एक स्क्रू काढून पाहा. टोकदार निघाला तर ती बिजागरी १८४६च्या आधी बसलेली नाही, मग कपाट काहीही असो. बोथट निघाला, खाच मधोमध नसली आणि आटे वेडेवाकडे दिसले, तर किंमत सांगायला दुकानदाराला बोलू द्या, तुम्ही गप्प राहा. आणि काढलेला स्क्रू ज्या भोकातून काढला त्याच भोकात परत लावा. तो कानशीनं केलेला असेल, तर शेजारच्या भोकात जाणार नाही.